ओल्या वजनाची घट

मी आयुष्यात एकच रिपोर्ट खोटा लिहिला. खोटा म्हणजे कसा, तर त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आम्हा इंजिनिअर लोकांना ही कला चांगली साधते. संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्या धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले, तेव्हा पहिल्यांदा आठवला तो हा रिपोर्टच, कारण त्याच्यापायी धुळ्याच्या शब्बीरभाईंचं नाव खराब झालं. शब्बीरभाई तीस वर्षं कापसाच्या काट्यावर उभे राहिलेले माणूस. काटेवाल्याकडे नावाशिवाय दुसरं काही नसतं. ते परत मिळतं का, हे बघायला मी लिहायला बसलोय. गमती आहेत, भरपूर आहेत. शेवटाकडे कमी होत जातात, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझा धंदा काय, ते आधी सांगतो. जळगावला पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तीस वर्षं काढली. केळीच्या बागांना ठिबक बसवायचं, तुषार सिंचनाच्या तोट्या डिझाइन करायच्या, कोणत्या झाडाला तासाला किती पाणी पडेल ते काढायचं. म्हणजे उभं आयुष्य मी शेतकऱ्याला पाणी थेंबाथेंबाने कसं वापरावं ते शिकवलं. आणि निवृत्त झाल्यावर काय केलं, तर लोकांना मजा यावी म्हणून मिनिटाला हौदभर पाणी हवेत उडवायची यंत्रं बांधली. आमच्या सुमनबाई, म्हणजे पत्नी, पाहुण्यांना माझी ओळख करून देताना दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि मग माझ्याकडे बघत चहा ओततात.

वॉटरपार्कची घसरगुंडी सगळ्यांनी पाहिलेली असते. वरून पाणी सोडायचं, माणूस आपल्या वजनाने खाली येतो. त्यात इंजिनिअरचं काही काम नाही, गुरुत्वाकर्षण फुकट राबतं. पण पाण्याचा रोलर कोस्टर म्हणजे उलटा कारभार. रबरी होडीत चार माणसं बसवायची, ती आधी खाली सोडायची आणि मग पन्हळीतून वर टेकाडावर चढवायची. चढवायची कशाने, तर पन्हळीच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना तोट्या असतात, त्यातून पंपाच्या जोराने पाण्याचे फवारे सुटतात आणि होडीला मागून ढकलतात. परदेशात हेच काम चुंबकाने पण करतात. आपल्याकडे चुंबकाची किंमत ऐकली की मालक लोक पुन्हा पाण्याकडे वळतात.

ह्यात एकच गोष्ट सांभाळायची. होडी टेकाडाच्या शेंड्यावर पोचली पाहिजे. नाही पोचली तर ती मागे घसरते आणि खालच्या खळग्यात येऊन थांबते. तेवढ्यात वरून दुसरी होडी सुटली असेल तर ती हिच्यावर येऊन आदळते. म्हणून शेंड्यावर एक डोळा बसवतात, म्हणजे सेन्सर. पहिली होडी त्याच्यासमोरून गेली की मगच वरचं फाटक उघडतं. तोवर ऑपरेटरने बटण दाबून दाबून बोट झिजवलं तरी दुसरी होडी सुटत नाही. आणि पाण्याचा जोर ठरलेला असल्यामुळे होडीतलं वजन मोजावं लागतं. जड झाली तर चढत नाही, अगदीच हलकी असेल तर शेंड्यावरून उडते. एवढं समजलं की तुम्हाला माझ्या धंद्यातलं सगळं समजलं.

गिऱ्हाइकं काय एकेक भेटली. भडगावकडच्या एका मंगल कार्यालयवाल्यांना नवरा-नवरी होडीतून थेट स्टेजवर आणायचे होते. मी विचारलं, शालूचं काय करणार. ते म्हणाले, "प्लास्टिकचा कोट घालू, फोटोपुरता काढू." दुसऱ्या एकांनी मला विचारलं की पन्हळीतून वाहणारं पाणी पुढे उसाला सोडता येईल का. हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, मला आवडला होता. मी क्लोरीनचं सांगितल्यावर ते म्हणाले की मग मोटारी धुवू. शेवटी त्यांनी काहीच बांधलं नाही. ते एकटेच शहाणे निघाले.

बाकी सगळे नाना निघाले. नाना म्हणजे शिंदखेड्याचे, कापसाची जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, असलेले. सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून त्यांची पडीक जमीन होती, तिथे त्यांना पार्क काढायचा होता. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "इंजिनेर, नाशिकले जे शे ते नको. मुंबईले जे शे ते बी नको. गाडीवाल्याने ब्रेक मारला पाहिजे असं काहीतरी सांग." नाना माणूस गोड. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते फक्त तुमचं वाक्य शांतपणे ऐकून घेत आणि त्यातलं अर्धंच लक्षात ठेवत.

गावकऱ्यांची बैठक झाली तेव्हा एक म्हातारे आबा उठले. त्यांच्या गावाला नळाला आठवड्याने पाणी येत होतं. त्यांनी मला साधं विचारलं, "भाऊ, हे इतलं पाणी कोठून येवाव शे?" मी फळ्यावर चित्र काढून समजावलं की पाणी तेच तेच फिरतं, टाकीतून पंपात, पंपातून पन्हळीत, पन्हळीतून परत टाकीत. वाफ होते आणि अंगाबरोबर बाहेर जातं तेवढंच रोज नवीन लागतं. ते किती, हेही मी सांगितलं. सांगितलेला आकडा हिवाळ्यातला होता. मे महिन्याचा मला कोणी विचारला नाही, मीही सांगितला नाही. आबा बसले. आकडा ऐकून बसले की इंजिनिअर बोलतोय म्हणून बसले, मला ठाऊक नाही.

आता ज्याच्यावर पुढचं सगळं रामायण घडलं ती गोष्ट. होडीत चार माणसांचं मिळून तीनशे वीस किलो, ह्यापेक्षा जास्त वजन चालणार नाही, असा मी फलक लिहून दिला होता. हिशोब मात्र तीनशे ऐंशीचा धरला होता. मधले साठ किलो हातचे ठेवलेले. जाळी तुंबते, तोटी झिजते, पंप थकतो, त्यासाठी हे साठ. हे हातचं कोणाला सांगायचं नसतं. माझ्या पहिल्या साहेबांनी मला हे बजावून ठेवलं होतं, कारण आपल्याकडे सांगितलेलं हातचं खर्चायला लोकांना वेळ लागत नाही. पण चाचणीच्या दिवशी वाळूच्या गोण्या भरलेली होडी टेकाडावरून सुर्रकन गेली, नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी फुगलो. म्हणालो, "नाना, काळजीच करू नका. मी साठ किलो हातचे ठेवलेत." त्या फुशारकीची मला आजही लाज वाटते.

नानांनी माझं अर्धं वाक्य लक्षात ठेवलं. पुढच्या महिन्यात गेलो तर टेकाडाचा शेंडा वीतभर उंच झालेला. मी हबकलो. नाना म्हणाले, "हायवेवरून दिसत नव्हता ना. तू साठ किलो जास्तीचं ठेवलंय म्हणाला होता, त्यातून घे." वीतभर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही. होडीला वाटतं. मी घरी येऊन पुन्हा आकडेमोड केली, हातचे साठ आता चाळीसच्या आत आले होते. मला नानांना सांगून शेंडा पाडायला लावता आला असता. मी मनाशी म्हटलं, चाळीस तरी आहेत.

वजनाचा काटा वरच्या मनोऱ्यावर, होडी सुटते तिथेच बसवला. चौघांनी एकदम त्यावर उभं राहायचं. नाना म्हणाले, "काट्यावर माझा माणूस राहील," आणि त्यांनी जिनिंगवरून शब्बीरभाईंना आणलं.

शब्बीरभाई तेव्हा साठीला टेकलेले. पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, आणि कमी बोलणं. जिनिंगवर शेतकरी गाडी घेऊन आला की आधी विचारायचा, काट्यावर शब्बीरभाई आहेत ना. नसले तर झाडाखाली बसून राहायचा, पण दुसऱ्याकडून माप घ्यायचा नाही. व्यापारी आणि शेतकरी दोघंही ज्याच्यावर विश्वास ठेवतात असा माणूस मी आयुष्यात हाच एक पाहिला. मी त्यांना काम समजावलं. ते म्हणाले, "साहेब, माणसाचं वजन करायचं म्हणजे थोडं वाईट दिसतं. पण करू. मापात आपल्याकडून फरक पडणार नाही." मी त्यांना तीनशे वीसचा आकडा सांगितला. तो का, हे सांगितलं नाही. काटेवाल्याला कशाला सांगायचं, असं मला वाटलं असणार. मला असं वाटलं, हे लिहितानाही कानकोंडं होतंय.

उद्घाटन आखाजीला ठरलं. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि ती लेकींची. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, दोन दिवस कोणाचं ऐकत नाहीत. नानांच्या तिघी बहिणी आल्या होत्या. तिघीही सुखवस्तू, भरभक्कम. आणि नानांच्या मातोश्री, अक्का. अक्का पंच्याहत्तरीच्या, काटकुळ्या, आवाज मात्र शिवारभर जाणारा. नानांची योजना अशी होती की पहिल्या होडीत आमदार बसतील. आमदारांनी होडीकडे एकदा पाहिलं आणि त्यांना मणक्याचा त्रास असल्याचं त्यांच्या सहायकाने जाहीर केलं. नाना स्वतः फेट्यामुळे बसू शकत नव्हते. तेव्हा अक्का उठल्या.

"मी बसस," त्या म्हणाल्या. "आखाजीना झोकाले कधी भ्यायनू नही, तं ह्या टपले काय भ्यासू. पोरीस्वन, चाला मनासंगे." टप म्हणजे माझी होडी.

साड्या नेसून होडीत बसायचं नाही असा माझा नियम फलकावर होता. अक्कांना वाचता येत नव्हतं आणि वाचता येणाऱ्यांची अक्कांना सांगायची हिंमत नव्हती. त्यात माझाही नंबर.

त्या दिवशी सकाळपासून झेंडूचा नुसता कहर होता. आधी पाण्याच्या टाकीची पूजा झाली. भटजींनी चार फुलं वाहिली, त्यावर नानांच्या आप्तांनी भक्तिभावाने पाटी पाटी ओतली. फुलं पंपाच्या जाळीत जाऊन बसली. दाबाचा काटा अर्ध्या किलोने खाली आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. जाळी काढून साफ करायला पंप बंद करावा लागला असता. मी म्हटलं, चाळीस आहेत.

आणि दुसरं, टेकाडाच्या शेंड्यावर कोणीतरी कमान उभारून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. वाऱ्याने त्यातली एक सेन्सरच्या डोळ्यासमोर झुलत होती. डोळ्याला वाटायचं की होडी तिथेच उभी आहे. पॅनलवर तांबडा दिवा, वरचं फाटक उघडेना. गडी वर चढवून ती माळ काढायला दहा मिनिटं लागली असती. दहाच. पण मुहूर्त आला होता, ड्रोन डोक्यावर घोंघावत होता, अक्का मनोऱ्यावर चढल्या होत्या, आणि नाना माझ्या कानाशी येऊन अतिशय गोडपणे म्हणाले, "इंजिनेर, तुझ्याकडे किल्ली शे ना?"

किल्ली होती. पॅनलला एक किल्ली असते, ती फिरवली की डोळ्याचं कोणी ऐकत नाही आणि फाटक बटणासरशी उघडतं. दुरुस्तीच्या वेळी, रिकाम्या होड्यांसाठी असते ती. म्हणूनच ती ऑपरेटरला न देता मी स्वतःच्या खिशात ठेवायचो. मी खिशात हात घातला, किल्ली फिरवली, तांबड्याचा हिरवा दिवा झाला आणि नाना टाळ्या वाजवायला निघून गेले.

मनोऱ्यावर चढण्याआधी सगळ्यांना फवाऱ्याखालून जावं लागे, अंग धुऊन निघावं म्हणून. अक्का आणि तिघी लेकी काट्यावर उभ्या राहिल्या त्या चिंब ओल्या. काट्यावर आकडा आला तीनशे अडतीस. शब्बीरभाईंनी तो पाहिला, वहीत लिहिला आणि वीस वजा करून खाली मांडले तीनशे अठरा. होडी पास.

का, ते ऐका. ओला कापूस काट्यावर आला की ओलाव्याची घट धरतात, शेकड्यामागे काही किलो वजा करतात. त्यात फसवणूक नसते, उलट न धरली तर फसवणूक, कारण पाण्याला कापूस कसं म्हणायचं? तीस वर्षं शब्बीरभाईंच्या डोक्याने ही वजाबाकी विचारल्याशिवाय केलेली. समोर चार बायका निथळत उभ्या, लुगड्याच्या घड्याघड्यांतून पाणी गळतंय. त्यांनी शेकड्याला सहा किलो धरले आणि वजा केले. अक्कांचं वजन करायचं होतं, अक्कांच्या लुगड्यातल्या पाण्याचं नाही, असा तो सरळ हिशोब. बिचाऱ्या होडीला हा फरक कळत नाही. तिच्यासाठी पाणीही वजनच.

होडी सुटली. खाली गेली ती छान गेली, फवारे सुटले, चढाला लागली. चढ अर्धा झाला, पाऊण झाला. शेंडा दोन हातांवर असताना ती मंदावली. मी पंपाजवळ उभा होतो. ती क्षणभर जागच्या जागी थांबली आणि मागे यायला लागली.

खाली बसलेल्या पाहुण्यांना हा खेळाचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. अक्कांचा आवाज आला, "हाई मांगे कसाले जाई राह्यनी? अशीच शे का?" तिघी लेकी किंचाळत होत्या, तीही मजा समजून. आणि वर, मनोऱ्यावर, दुसऱ्या होडीत अक्कांचे तिघं जावई, म्हणजे ह्याच लेकींचे नवरे, बसून तयार होते. ऑपरेटरने दिवा पाहिला. हिरवा. त्याने बटण दाबलं.

मी ओरडलो, पण पंपाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मनोऱ्यावरून टेकाड सरळ दिसतं. पहिली होडी मागे येतेय हे तिथे एकाच माणसाला कळलं, कारण चढावरून माल मागे येताना त्याने जिनिंगच्या उतारावर शेकडो बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पाहिले होते. शब्बीरभाई काट्यावरून उडी मारून पुढे गेले, सुटलेल्या होडीच्या कडेची दोरी त्यांनी डाव्या हातात धरली आणि फाटकाच्या खांबाला पाय देऊन बसले. तीन जावयांची होडी, खाली वाहतं पाणी, आणि एक साठीचा माणूस. होडी तिरकी होऊन खांबाला अडली. मधे त्यांचा हात होता.

खाली अक्कांची होडी खळग्यात येऊन हळूच थांबली. आम्ही त्यांना उतरवलं. अक्का ओल्या लुगड्याचा पदर पिळत म्हणाल्या, "चांगलं शे. आखो एक डाव बसाडा माले." पुन्हा एकदा बसायचं होतं त्यांना. त्यांच्यावर काय येणार होतं ते अक्कांना त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

शब्बीरभाईंना धुळ्याला नेलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आता तो रिपोर्ट. विमावाल्यांना आणि तहसीलला कागद हवा होता. नाना घरी जळगावला आले, सोबत केळीचा घड घेऊन. जळगावला केळी आणणारा माणूस आणखी काय बोलणार, पण गोड बोलले. म्हणाले, "पार्क बंद पडला तं दोनशे घरं बसतील. तू फक्त खरं ते लिही." मी खरं ते लिहिलं. "होडीत मर्यादेपेक्षा अठरा किलो वजन जास्त होते. वजनाच्या नोंदीत काट्यावरील कर्मचाऱ्याकडून वीस किलोची त्रुटी झाली. त्यामुळे होडी शेंड्यापर्यंत पोहोचू शकली नाही." तिन्ही वाक्यं तपासून घ्या. पहिलं खरं, दुसरं खरं. तिसऱ्यात 'त्यामुळे' हा एक शब्द माझा.

अठरा किलोंनी होडी मागे येत नाही. मी तिला तीनशे ऐंशी चढवण्यासाठी बांधली होती. वीतभर शेंडा नानांनी घेतला, दाब झेंडूने घेतला, आणि उरलेले अठरा शब्बीरभाईंच्या वजाबाकीने गेले. माझ्या हातच्यावर प्रत्येकाने आपापली घट धरली, आणि रिपोर्टात नाव आलं ते फक्त शेवटच्याचं. बाकीच्यांनी तर आकडेही लिहून ठेवले नव्हते. शब्बीरभाईंनी वहीत लिहिला होता, म्हणून सापडले.

पार्क महिन्याभरात पुन्हा सुरू झाला. शेंडा वीतभर खाली आणला, जाळ्या दोन बसवल्या. माझं कौतुकच झालं. शब्बीरभाईंना नानांनी जिनिंगवर परत घेतलं, पण काट्यावर नाही, फाटकावर. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. शेतकरी विचारायचे तसे अजूनही विचारतात म्हणे, काट्यावर शब्बीरभाई आहेत ना. मग कोणीतरी सांगतं, त्यांचं मापात चुकलं होतं, अक्का मरता मरता वाचल्या, इंजिनिअरच्या रिपोर्टात आलंय.

हे मला गेल्या उन्हाळ्यात एका ठिबकवाल्या जुन्या शेतकऱ्याने सहज सांगितलं. तो रिपोर्ट मी लिहिला हे त्याला माहीत नव्हतं. मी तेव्हा त्याच्या घरी जेवत होतो. अर्ध्या ताटावरून उठलो.

म्हणून संपादकांचं पत्र आल्यावर मी हा लेख लिहिला, आणि छापायला द्यायच्या आधी धुळ्याला शब्बीरभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या बेगमने चहा दिला. शब्बीरभाई भिंतीला टेकून बसले, डावा हात उशीखाली. मी सगळा लेख वाचून दाखवला. हातचे साठ, वीतभर शेंडा, जाळीतला झेंडू, 'त्यामुळे' हा शब्द. मला वाटत होतं की मी फार मोठं काम करतोय.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "साहेब, बढिया लिहिलंय. पण एक विचारू? होडी मागे आली, ते समजलं. दुसरी होडी सुटली कशी?"

मी हातातले कागद पुन्हा चाळले.

"मी तीन दिवस त्या फाटकावर उभा होतो. तांबडा दिवा असला की ते हलत नाही. त्या दिवशी सुटलं. ह्याच्यात किल्लीचं कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. मी तुम्हाला वर सांगितलेला माळेचा आणि किल्लीचा सगळा मजकूर त्या दिवशी लेखात नव्हता. नाना माझ्या कानाशी आले, मी खिशात हात घातला, त्यातला शब्दही नव्हता. होडी मागे आली त्यात चौघांचा वाटा होता, म्हणून ते लिहायला मला सोपं गेलं. किल्ली फिरवणारा हात एकट्या माझा होता. शब्बीरभाईंची बोटं वजनाने गेली नाहीत, त्या किल्लीने गेली. माफी मागायला गेलेला मी, आणि तिथेही आपल्या सोयीने घट धरून गेलो होतो. मी मान खाली घालून बाहेर पडलो. चहा तसाच राहिला.

घरी येऊन किल्लीचे परिच्छेद लिहिले. सुमनबाईंनी वाचले आणि प्रतींसाठी पाकिटं काढून दिली. एक प्रत तहसीलला पाठवली, एक विमावाल्यांना, एक नानांना. नानांनी अजून फोन केलेला नाही. एक प्रत धुळ्याला पाठवली.

परवा शब्बीरभाईंचा फोन आला. नातीकडून पुरतं वाचून घेतलं म्हणाले. मी विचारलं, आता बरोबर आहे का.

"बरोबर भरलं साहेब," ते म्हणाले. "ह्या वेळी घट धरली नाही. पण माल सीझन संपल्यावर आणलात."